हद्द गाऊन दाखवणारा सुधाकर

सुधाकर काल गेला आणि मला सकाळपासून हसू येतंय.

रागावू नका. त्याला ओळखणाऱ्यांना कळेल.

टेक्सासातली आमची मराठी मंडळींची वस्ती शहराच्या हद्दीबाहेर. मोकळं आभाळ, अंगणात हरणं, प्रत्येक घराची आपली बोअरवेल. रिटायर होऊन आलो तेव्हा फार रोमँटिक वाटलं होतं.

मग एकेक बोअर आटायला लागली.

सुधाकरची आटली आणि दारात टँकर येऊ लागला. नलिनीवहिनींनी मलाच धरलं. "भाऊजी, तुमच्या मित्राला सांगा. लहानपणी साताऱ्यात हंडे वाहिले, आता अमेरिकेत टँकरची वाट बघणार नाही. पाण्याची सोय होत नसेल तर घर विकायचं आणि एडिसनला मुलाकडे जायचं."

एडिसन! म्हणजे विमानाने चार तास.

आमची ही गेल्यापासून माझी प्रत्येक संध्याकाळ सुधाकरच्या पोर्चवर जायची. शाळेत पाठ केलेल्या कविता म्हणायच्या. मी अडलो की पुढची ओळ तो उचलायचा, तो अडला की मी.

तो एडिसनला गेला असता तर माझ्या सगळ्या कविता अर्ध्यावर राहिल्या असत्या.

शहर पाणी देईना. उपाय एकच निघाला, आमच्या वस्तीचा स्वतःचा म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट. म्हणजे पाणी आणि ड्रेनेजपुरतं एक चिमुकलं सरकार. पण ते जन्माला घालायला विधानसभेत कायदा करून घ्यायचा होता, आणि इथली विधानसभा भरते वर्षाआड.

ही खेप चुकली की वहिनी थांबणार नव्हत्या.

सुधाकरने आमदारबाईंच्या ऑफिसात इतक्या चकरा मारल्या की तिथली गोरी रिसेप्शनिस्ट त्याला "काका" म्हणायला लागली.

शेवटी बिल तयार झालं. पोर्चवर बसून तो मला आमच्या डिस्ट्रिक्टची हद्द वाचून दाखवत होता, इंग्रजी वाचत, लगेच मराठी करत.

"तिथून उत्तरेस, लोखंडी सळीपर्यंत. तिथून ओढ्याच्या काठाकाठाने जुन्या ओकपर्यंत. तिथून दक्षिणेस, कुंपणाच्या कडेकडेने. आणि परत आरंभस्थानी."

"अरे, ही तर कविता आहे!"

"कविराज, हा सर्व्हे आहे."

"मग काय झालं? चाल लाव."

लावली की त्याने! चौथीच्या वर्गात बाकावर ठेका धरायचो, तसा खुर्चीवर ठेका धरून. मग वस्तीतल्या येईल-जाईल त्याला ती ऐकवली.

मग बिल सभागृहात यायचा दिवस उजाडला. अख्खी वस्ती राजधानीत, ऑस्टिनला. वहिनी पैठणीत, सुधाकर सुटात. दिवसभर चर्चा चालेल म्हणून पुरी-भाजीचे डबे. खिशात सुधाकरचं भाषण, जे आम्ही सगळ्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं की आम्हालाच पाठ झालेलं.

त्या दिवशी गॅलरीतल्यांनी नुसतं बघायचं असतं, हे कोणालाच माहीत नव्हतं. आमची कल्पना गावच्या ग्रामसभेची.

खाली कोणीतरी आमच्या बिलाचा नंबर पुकारला. सुधाकर चष्मा शोधायला लागला. या खिशात नाही, त्या खिशात नाही. चष्मा सापडला तोवर पुढच्या बिलाचा नंबर पुकारला गेला होता.

"आपलं कधी आहे?"

"झालं."

"काय झालं?"

"पास झालं, सुधाकर!"

"असं कसं पास झालं? कोणी विरोधच नाही केला?" त्याचा चेहरा असा, जणू बिल पडलं! "आणि माझं भाषण?"

वहिनी म्हणाल्या, "बाहेर हिरवळीवर करा. मी ऐकते."

त्याने हिरवळीवर उभं राहून खरंच भाषण सुरू केलं. दोन वाक्यांत अडला. पुढचे शब्द सुचेनात.

मी अलीकडून हळूच सुरुवात करून दिली, "तिथून उत्तरेस..."

त्याने उचललं. मग वस्तीने उचललं. भर टेक्सासच्या उन्हात आमची सळी, आमचा ओढा, आमचा ओक, सगळं चालीत! परत आरंभस्थानी पोचलो तेव्हा टाळ्यांचा कडकडाट.

पलीकडे उभ्या गार्डने टोपी काढून वहिनींना विचारलं, "मॅम, इज दॅट अ प्रेयर?"

"नो," वहिनी म्हणाल्या, "इट्स अवर ॲड्रेस."

पुढे सिनेट झालं, गव्हर्नरांची सही झाली, वस्तीने मतदान केलं, खड्डे खणले, पाइप पडले. नळ आला त्या सकाळी वहिनींनी ड्राइव्हवेवर सडा घातला आणि रांगोळी काढली. सुधाकर ती ओलांडताना पाय उचलून असा काही चालला की बगळा बरा.

त्यानंतर आम्हाला कितीतरी संध्याकाळी मिळाल्या. भरपूर. मनसोक्त.

आज मुलगा फोनवर वहिनींना म्हणाला, "आई, प्लीज, कम स्टे विथ अस."

वहिनी म्हणाल्या, "येईन रे चार दिवस. पण राहणार इथेच. हे गाव तुझ्या बाबांनी भांडून मिळवलंय."

मग माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, संध्याकाळी या. त्यांच्याइतक्या कविता येत नाहीत मला, पण तुम्ही अडलात तर ओळ सांगेन."

जा मित्रा, निवांत जा. तुला माझा हसतमुखाने नमस्कार.