वर सोडलेल्या सळया

दहा फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी साडेनऊ. ठिकाण: गावच्या अभ्यासिकेची गच्ची. हजर: संतोष, म्हणजे कै. सांडू मिस्त्री यांचा मुलगा; सरपंच कडुबाअप्पा; मिस्त्रींचे जुने जोडीदार शेषराव, वय सत्तरच्या पुढे; आणि मी. मिस्त्रींच्या पत्नी गयाबाई खाली ओट्यावर बसल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढता येत नाही.

डायरीत एवढं लिहून मी मान वर केली, तर गच्चीच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात विटांची थप्पी. दोनेक हजार तरी असतील.

"ह्या कुणी चढवल्या?"

"पोरांनी. रविवारी साखळी लावून एका सकाळी चढवल्या," संतोष म्हणाला. त्याला कौतुक वाटत होतं.

"आज खाली उतरवा."

"आवो मॅडम, तुम्ही तर आणखी काही बघितलंच न्हाई."

"म्हणूनच. बघून होईपर्यंत वर काही नको."

मी सिव्हिल इंजिनियर आहे. भोकरदनला छोटं ऑफिस आहे. बावीस वर्षं घरांचे नकाशे काढते आणि स्लॅबच्या आदल्या दिवशी सळया मोजायला जाते. सांडू मिस्त्रींबरोबर मी चाळीसेक घरं केली. पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडच्या या गावचा हा माणूस. मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातला. जालन्याला बिगारी म्हणून गेले, थापी धरायला शिकले आणि मिस्त्री होऊन परत आले. पुढं ठेकेदार झाले, तरी गाव त्यांना मिस्त्रीच म्हणत राहिलं. दोन मुलींची लग्नं केली, संतोषला आयटीआयला घातलं. सगळी कमाई गावात दिसत होती, पण त्यांच्या स्वतःच्या घरावर शेवटपर्यंत पत्रेच होते.

गावाचं काम त्यांनी फुकट केलं. स्मशानभूमीतली शेड, शाळेची भिंत, जनावरांचा हौद, एस.टी. थांब्यावरचा निवारा. माल गावानं द्यायचा, हात मिस्त्रींचे. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं देवळात दाटीनं बसायची, म्हणून ही अभ्यासिकाही बांधली. रोज तीस-पस्तीस मुलंमुली इथं अभ्यास करतात.

जानेवारीत मिस्त्री गेले. तेराव्याला जेवणाची पंगत बसलेली असताना संतोषनं सगळ्यांसमोर जाहीर केलं, अभ्यासिकेवर दुसरा मजला चढवू, वडिलांच्या नावाचं सभागृह करू. लोकांनी तिथंच सिमेंट, वाळू, विटा द्यायचं कबूल केलं. मग मला फोन आला: "एक नकाशा टाकून द्या मॅडम, बाकी आमचं आम्ही बघून घेतो."

आता सळयांविषयी. आपल्याकडच्या कुठल्याही गच्चीवर कॉलमच्या सळया दोन-अडीच फूट वर सोडलेल्या दिसतील. पुढं मजला चढवायचा झाला तर नव्या कॉलमच्या सळया त्यांना बांधता याव्यात, यासाठी ही सोय. काही लोक त्यांवर गंज चढू नये म्हणून बाटल्या पालथ्या घालतात. सळया कापलेली गच्ची लोकांना बघवत नाही. घराची वाढ खुंटली असं वाटतं. मुलीकडचे स्थळ बघायला येतात तेव्हा सळयांकडेही नजर टाकतात.

पण सळई फक्त एवढंच सांगते, की वर चढवायची इच्छा आहे. खाली पाया तेवढा आहे का, हे ती सांगत नाही.

अभ्यासिकेला आठ कॉलम. आठांच्याही सळया वर होत्या, सरळ, एका उंचीच्या. काम मिस्त्रींचं होतं यात शंका नव्हती. मी कॉलम मोजले. नऊ बाय नऊ इंच. दोन मजल्यांसाठी हे बारीक. माझ्या भुवया तिथंच चढल्या.

"नकाशा कुठे आहे?"

"नकाशा न्हाई," संतोष म्हणाला. "श्रमदानाचं काम होतं. आमचे बापू म्हणले, फुकटच्या कामासाठी मॅडमला कशाला तरास द्यायचा."

मी शेषरावांना विचारलं, "पाया किती खोल आहे?"

शेषराव टोपी काढून डोकं खाजवायला लागले. "खोदून बघा की, मॅडम."

मिस्त्रीच्या जोडीदाराला पाया आठवत नाही, असं होत नाही. मी त्यांना तिथं अडवलं नाही. मागच्या बाजूच्या कोपऱ्यातल्या कॉलमला लागून खड्डा घ्यायला सांगितला. याला ट्रायल पिट म्हणतात. कॉलम जमिनीत कुठवर गेलाय आणि कशावर टेकलाय, हे डोळ्यांनी बघायचं. दुसरा सोपा मार्ग नाही.

दुपारी एकपर्यंत दोन गड्यांनी खड्डा घेतला. साडेतीन फुटांवर काँक्रीट संपलं. खाली काळी माती.

ज्यांना शेती माहीत आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर टेकवलेला पाया तिच्याबरोबर हलतो. आमच्याकडे काळ्या मातीत पाया मुरूम लागेपर्यंत न्यायचा, हा पहिला धडा. हा धडा मला कॉलेजनं पुस्तकातून दिला. साइटवर उभं करून शिकवला तो सांडू मिस्त्रींनीच.

"संतोष, वर मजला होणार नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"एक मजला उभा आहे, तो राहील. दुसऱ्याचं वजन हा पाया पेलणार नाही. खाली मुलं बसतात."

"पत्र्याचा केला तर?"

"तरी भिंती आल्या, माणसं आली. सभागृह म्हणजे शंभर माणसं एकदम."

तो खड्ड्याच्या काठावरून मागं सरकला आणि म्हणाला, "म्हणजे माझ्या बापानं कच्चं काम केलं, असं म्हणून राह्यल्या का तुम्ही?"

कडुबाअप्पा मध्ये पडले. "आरं, मॅडम तसं कुठं म्हणून राह्यल्या?"

"मंग कसं म्हणून राह्यल्या, अप्पा? सगळ्या गावापुढं बोललोय मी. आता काय सांगू? पंगतीतल्या लोकायला काय सांगू?"

बावीस वर्षांत एक गोष्ट नक्की कळली आहे. होय म्हणायला सगळे असतात, नाही म्हणायचं काम इंजिनियरकडे उरतं. त्या दिवशी मला त्याचा कंटाळा आला होता. ज्या माणसाकडून शिकले, त्याच्याच कामावर फुली मारायची होती, तीही त्याच्या मुलासमोर.

मी इमारतीभोवती चक्कर मारायला गेले. रिपोर्टला फोटो लागतात. मागच्या भिंतीला, जोत्याच्या जरा वर, केसाएवढी तिरपी भेग होती. भेगेवर आडव्या तीन काचेच्या पट्ट्या सिमेंटनं चिकटवलेल्या. खिडकीच्या काचेचे तुकडे, बोटाएवढे. शेजारी पेन्सिलीनं तारखा, एकाखाली एक, दर वर्षी जुलैतली एक.

ही जुनी पद्धत आहे. भेग वाढते आहे का, हे बघायचं असेल तर तिच्यावर काच चिकटवतात. भिंत हलली तर काच तडकते. तिन्ही पट्ट्या शाबूत होत्या. म्हणजे एका मजल्यापुरती इमारत ठीक होती. आणि मिस्त्रींना सगळं माहीत होतं.

मी सगळ्यांना तिथं बोलावलं. गयाबाईही भिंतीला धरत धरत आल्या. त्यांनी तारखांवरून बोट फिरवलं. त्यांना वाचता येत नाही, पण आकडे ओळखतात.

"दरसाली झड लागली की इकडं यायचे," त्या म्हणाल्या. "मी म्हणायची, एवढ्या पावसात कुठं निघाले? म्हणायचे, पोरं बघून येतो. मला वाटायचं पोरायचं लई कौतुक हाय."

मग त्या शेषरावांकडे वळल्या. "भाऊजी, तुम्हाला माहीत होतं. बोला आता."

शेषरावांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. "साडेतीन फुटाला पाणी लागलं, वहिनी. मोटर लावली, तरी उपसंना. सांडू म्हणला, जागा बदला. गावाकडं दुसरी जागा न्हवती. मंग म्हणला, एकच मजला टाकतो, वर काही चढवायचं न्हाई. अप्पा, तुमच्यासमोर म्हणल्ता."

कडुबाअप्पांनी मान खाली घातली. "म्हणल्ता. बिलकुल म्हणल्ता. मी इसरलो."

"मग सळया का सोडल्या?" मी विचारलं.

"स्लॅबच्या दिवशी सगळं गाव जमलं. जो तो म्हणे, मिस्त्री, सळया वर सोडा, गावाचं काम हाय, बुटकं दिसंल. मी म्हणलं, सांडू, सोडू नको. तो म्हणला, सोडू दे आज. लोकं खुशीत हायेत. मागून सांगू. ते मागून काही आलं न्हाई."

संतोष काचेच्या पट्ट्यांसमोर उकिडवा बसला. एका पट्टीवर नख घासून त्यानं धूळ काढली.

"तुझ्या बापानं कुणाला न्हाई म्हणलं का कधी?" गयाबाई त्याला म्हणाल्या. "तेवढं एक येत न्हवतं त्यायला. तू शिक."

"आन् नाव?"

"नाव खाली लाव. पोरं खालीच बसतेत की."

त्या संध्याकाळी देवळासमोर लोक जमले तेव्हा संतोष उभा राहिला. मला वाटलं होतं, मलाच बोलावं लागेल. मुद्दे डायरीत लिहून ठेवले होते. त्यानं सगळं स्वतःच सांगितलं. पाणी लागलं तेही, सळया लोकांच्या आग्रहानं सोडल्या तेही. एक जण म्हणाला, "मॅडम शहरातल्या, त्यायला काय कळतं आपल्याकडचं." संतोष म्हणाला, "खड्डा उघडा ठेवलाय. बघून या." सात-आठ जण कंदील-बॅटरी घेऊन बघून आले.

विटा दुसऱ्या दिवशी उतरल्या. त्यांतून स्मशानभूमीचं कुंपण पुरं झालं. आठ कॉलमच्या सळया संतोषनं स्वतः कटरनं कापल्या आणि वर काँक्रीटच्या टोप्या घातल्या. कापताना आवाज गावभर जात होता. गयाबाई ओट्यावर बसून होत्या. अभ्यासिकेच्या दारावर आता मिस्त्रींचं नाव आहे. खालच्या ओळीत, मी आग्रह धरला म्हणून: या इमारतीवर बांधकाम करू नये.

धडा साधा आहे. पैसे घेऊन केलेल्या प्रत्येक कामाला मिस्त्रींनी माझ्याकडून नकाशा घेतला. प्रेमानं केलेल्या एकाही कामाला घेतला नाही. सेवेच्या कामाला कागद लागत नाही असं आपल्याकडे सगळ्यांनाच वाटतं. काळ्या मातीला मात्र काम फुकट केलं की विकत, हे कळत नाही.

म्हणून शेषरावांना समोर बसवून मी यादी केली. नकाशाशिवाय केलेली, ओळखीतली, भावकीतली, मैत्रीतली कामं. अकरा निघाली. प्रत्येक ठिकाणी एक खड्डा घ्यायचा, पाया बघायचा, घरमालकाला लेखी द्यायचं. गेल्या तीन महिन्यांत दहा झाली. सहा ठिकाणी मुरूम लागला, चार ठिकाणी नाही. त्या चारही घरांना मी सांगून आले, गच्चीवरच्या सळयांवर मजला चढवू नका. दोघांनी चहाही विचारला नाही.

अकरावं घर राजूरचं. माझ्या सासऱ्यांचं. ते आणि मिस्त्री दोस्त होते, आणि घर माझ्या लग्नाच्या आधीचं आहे. दिवाळीनंतर वर मजला चढवायचा असं सासूबाईंनी ठरवलंय, फरशी पसंत करून झाली आहे. त्या दर रविवारी फोनवर विचारतात, नकाशा झाला का. मी म्हणते, काढते.

तिथला खड्डा अजून घेतलेला नाही.