शेपूट असलेला चेंडू

माझ्या थोरल्या भावाने आयुष्यात फुटबॉलचा एकही कप जिंकला नाही. दादा पेणच्या संघात मागे खेळायचा, गोलकीपरच्या जरा पुढे, आणि तो तिथे उभा असला की आमचा गोलकीपर निवांत तंबाखू मळायचा. अडचण होती ती पुढच्या फळीची. ह्या लोकांना समोर गोल दिसला की दया यायची. दादा कोणाला गोल मारू द्यायचा नाही, आमचे लोक कोणाला मारायचे नाहीत, आणि फायनल शून्य-शून्यवर अडली की पंच नाणं उडवायचे. नाणं काही दादाला अडवता येत नव्हतं. (तेही त्याने एकदा पायाखाली दाबून धरलं होतं असं लोक सांगतात, पण ते सोडा.)

उलट आमचे भावोजी. आमची बहीण सुमन रोह्याला दिली. तिचा नवरा तिथल्या एका कंपनीत होता आणि कंपनीच्या संघात सगळ्यात पुढे खेळायचा. त्यांच्या हॉलमध्ये भिंतभर शोकेस आहे आणि त्यात कपच कप. पाहुणा आला की आधी पाणी, मग कप, मग चहा. प्रत्येक कपाची स्पर्धा, समोरचा संघ आणि भावोजींनी मारलेला गोल हे सगळं ऐकून होईपर्यंत सुमन चहा आणत नाही, कारण तो गार होतो हे तिला अनुभवाने ठाऊक आहे. आणि शेवटी ठरलेलं वाक्य. "खेळाडू कसा हाय ते त्याला इचारू नये. त्याच्या कपाटाला इचारावं." दादा मान हलवायचा आणि चिवडा खायचा. मला मात्र तो चिवडा घशाखाली उतरत नसे.

आमचा पेणला गणपतीचा कारखाना आहे. लहानसा, पण तीन पिढ्यांचा. त्यात डोळ्यांची आखणी दादाकडे. मूर्ती कितीही चांगली झाली तरी डोळे चुकले की ती बघणाऱ्याकडे बघत नाही, आणि दादाच्या हातची मूर्ती दारातून आत येणाऱ्याला बरोबर ओळखते. वहिनी गेल्या तेव्हापासून मात्र त्याचं बोलणं आटलं होतं. डोळे आखायचा, जेवायचा, झोपायचा. ह्या साली रोह्याच्या मंडळाने मुलींचा फुटबॉल संघ काढला, त्यांना शिकवायला माणूस हवा होता, आणि ही बातमी सुमनने फोनवर सांगितली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दादाला ओट्यावर बसून जुन्या बुटांना खोबरेल चोळताना पाहिलं. ते बूट मी भंगारात टाकायला निघालो होतो! मला इतकं बरं वाटलं की मी आत जाऊन उगाचच दोनदा पाणी प्यायलो.

मंडळाच्या कमिटीचे अध्यक्ष अर्थातच भावोजी. त्यांनी मला फोन करून अट सांगितली. रविवारी सगळ्यांनी आपापले कप घेऊन यायचं, कमिटी बघणार, मग ठरणार. नागोठण्याचा एक जण पोतं भरून कप आणणार आहे असंही कळवलं. मी म्हटलं, भावोजी, दादा कसा खेळायचा ते तुम्ही स्वतः पाहिलंय. तर म्हणाले, मी पाहिलंय, कमिटीने कुठे पाहिलंय?

ही अट मी दादाला सांगितलीच नाही. बूट पुन्हा माळ्यावर गेले असते. मग कप आणायचा कुठून? विकतचा आणावा तर तो कोरा करकरीत दिसणार. तेव्हा माझ्या डोक्यात तो विचार आला, जो पेणच्या माणसाच्याच डोक्यात येऊ शकतो. जे नाही ते साच्यातून काढावं.

कपाचं भांडं एका तांब्यावरून झकास निघालं. वर खेळाडू हवा होता. आमच्याकडे फुटबॉल खेळणाऱ्याचा साचा कसा असणार? होता तो पाय दुमडून उभ्या असलेल्या बाळकृष्णाचा. मी त्याची बासरी तोडली, मोरपीस घासून काढलं, आणि पाय चेंडू मारतोय असं समजून घेतलं. चेंडू म्हणून गणपतीच्या पायाजवळचा उंदीर घेतला आणि कानशीने घासून गोल केला. मुकुटासाठी आणलेला सोनेरी रंग सगळ्यावर फिरवला. डोळे दादाकडून आखून घेणं शक्य नव्हतं, म्हणून मीच आखले. मग लाल फडक्यात सगळं गुंडाळलं आणि दादाला सांगितलं की सुमनचा गणपती ह्या वर्षी आपण आधीच पोचवू. तिचा गणपती दरवर्षी आमच्याकडूनच जातो, तेव्हा त्याला संशय यायचं कारण नव्हतं. बेत साधा होता. दादाला मैदान बघायला पिटाळायचं, मागे कप कमिटीपुढे ठेवायचा, आणि दादा परत यायच्या आत पुन्हा गुंडाळायचा.

पण श्रावणात पेणच्या स्टेशनवरून लाल फडक्यातली वस्तू मांडीवर घेऊन निघालेल्या माणसाला लोक काय समजतात, ह्याचा मी विचार केला नव्हता. गाडीत पाय ठेवला आणि आख्खा बाक रिकामा झाला. एका काकांनी चपला काढल्या. एका आजींनी फडक्याला हात लावून तो स्वतःच्या कपाळाला लावला आणि मला सांगितलं की बाप्पा सांभाळून धरा, गाडी हिसके देते. कासू गेलं, नागोठणं गेलं. निडीला एक बाई उतरताना परत वळल्या, वेणीतलं फूल काढलं आणि माझ्या कपावर वाहिलं. शेजारी दादा डोळे मिटून हात जोडून बसला होता. मी त्याला इतका वेळ हात जोडून बसलेलं वहिनी गेल्यानंतर पाहिलं नव्हतं, आणि तो काय मागतोय हे मला नेमकं कळत होतं.

रोह्याला दारात सुमनच्या सासूबाई, म्हणजे माई, तयारच होत्या. माझ्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, फडक्यावर हळदकुंकू वाहिलं. आळीतल्या पाच-सहा बायका जमल्या होत्या, त्यांनीही ओवाळलं. मग माईंनी ते हातात घेऊन थेट पाटावर ठेवलं, समोर निरांजन लावलं, आणि सगळ्यांना बजावलं, "चतुर्थीपर्यंत फडक्याला कोनी हात लावायचा नाय." 

आणि त्या पाटाशेजारीच खुर्ची टाकून बसल्या.

झालं. माझा कप माझ्या डोळ्यांसमोर, आणि मध्ये माई! मी सुमनला खुणा केल्या, तिने मला बाथरूम कुठे आहे ते दाखवलं. दादाला म्हटलं, मैदान बघून ये, तर तो म्हणाला की कमिटी भेटल्यावर जाऊ, आधी भेटणं बरं दिसतं. तेवढ्यात कमिटी आलीच. भावोजी आणि आणखी दोन गृहस्थ. दोघांनी आत येताच पाटासमोर वाकून नमस्कार केला. नागोठण्याचा माणूस आधीच येऊन कोपऱ्यात बसला होता, त्याने पोतं ओतलं आणि हॉलभर कपांचा खणखणाट झाला. कमिटी एकेक कप उचलून वाचू लागली. मग भावोजी दादाकडे वळले आणि विचारलं की तुमचे कप कुठेत.

दादाने आधी माझ्याकडे पाहिलं. त्याला अट तिथेच कळली. मग तो उठून उभा राहिला, शाळेत बाई विचारतात तेव्हा उभं राहतात तसा, आणि म्हणाला, "माझ्याकडं कप नाय, भावोजी. एक पन नाय."

कमिटीतल्या एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. दादा पिशवी उचलायला वाकला, त्या पिशवीत बूट होते, आणि मला ते बघवेना. मी म्हणालो, "हाय! दादाचा कप हाय. हा काय!" आणि माईंना ओलांडून फडकं ओढलं.

निरांजनाच्या उजेडात सोनेरी कप चकाकत होता. वर बासरी नसलेला बाळकृष्ण एक पाय दुमडून उभा, आणि मी आखलेले त्याचे डोळे दोन दिशांना. माईंनी सवयीने हात जोडले होते ते तसेच राहिले. कमिटीतल्या जाड भिंगाच्या गृहस्थांनी चष्मा सारखा करून बराच वेळ निरखलं आणि अगदी आदराने विचारलं, "चेंडूला शेपूट कशाला?"

कान मी घासले होते, पाय घासले होते. शेपूट मागच्या बाजूला होतं, ते राहिलं.

दादा जवळ आला. मला वाटलं, आता हा मला मारणार. त्याने कप उचलला, उजेडाकडे धरला. "डोळे कोनी आखले?" मी म्हटलं, मी. त्याने मान हलवली, कप पाटावर ठेवला आणि मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "बाळू, मी हरलेला हाय रे. खोटा नाय."

दादा मला लहानपणी कानफटात मारायचा, त्यातली एकही इतकी लागली नव्हती. मी खाली बघत उभा राहिलो. सुमन डोळ्यांना पदर लावून आत गेली.

भावोजींनी शोकेस उघडली आणि मधल्या फळीवरचा, सगळ्यात मोठा कप बाहेर काढला. ह्या कपाची गोष्ट आम्ही इतकी ऐकली होती की मलासुद्धा पाठ होती. भात कापून झाल्यावर गडब गावच्या मैदानावर झालेली फायनल, पेण विरुद्ध कंपनी. फक्त त्यात भावोजींचा गोल कोणता, हे ते कधी सांगायचे नाहीत, आणि आम्हीही चहाच्या आशेने कधी विचारलं नव्हतं.

"गोल झालाच नाय," भावोजी कमिटीला म्हणाले. "अख्खा सामना हा मानूस माज्यासमोर उभा व्हता. मी डावीकडं गेलो, हा डावीकडं. उजवीकडं गेलो, हा हायच. शेवटी नाणं उडवलं आन् छापा आला. हा कप छाप्याचा हाय, माजा नाय." मग कप हातात तसाच धरून म्हणाले, "पोरींना नाणं उडवायला शिकवायचं आसंल तर मी हाय की. चेंडू अडवायला शिकवायचं आसंल तर दादांना ठेवा."

नागोठण्याचा माणूस आपले कप पोत्यात भरू लागला होता. भरता भरता तो म्हणाला की त्याच्या कपांतले निम्मे कॅरमचे आहेत. त्याला कोणी हसलं नाही. जाड भिंगाच्या गृहस्थांनी दादाला उद्यापासून या म्हणून सांगितलं.

दादा मात्र तयार होईना. म्हणाला, आधी हे ध्यान इथून हलवा, मग मी हो म्हणेन. मी घाईघाईने फडकं गुंडाळू लागलो तर माईंनी माझा हात धरला. "बरं दिसतं काय! उंबऱ्यावर ओवाळून घेतलेली वस्तू परत धाडायची? आमच्या घरात नाय चालायचं." भावोजींनी समजावलं, सुमनने समजावलं. माई हटल्या नाहीत. शेवटी तो कप पाटावरून हलून शोकेसमध्ये गेला, मधल्या फळीवर, आणि तेवढ्यावर दादा हो म्हणाला. गडबचा कप भावोजींनी परत तिथे ठेवलाच नाही, त्याने आता सुमन तुळशीला पाणी घालते.

दादा आता आठवड्यातले चार दिवस रोह्याला असतो. मुली अजून एकही स्पर्धा जिंकलेल्या नाहीत. पण त्यांना गोल मारणं आता सोपं राहिलेलं नाही असं ऐकतो, आणि परतल्यावर दादा मला त्यांतल्या प्रत्येकीबद्दल इतकं बोलतो की माझं जेवण गार होतं. मी ऐकत राहतो. गार जेवण मला इतकं गोड कधी लागलं नव्हतं.

तिथे जाता-येता त्याने एक काम केलं. कपावरचे डोळे त्याला सहन होईनात, म्हणून शोकेसमधून काढून पुन्हा आखले. आता तो खेळाडू दारातून येणाऱ्याकडे सरळ बघतो. शेपूट तसंच ठेवलं. आणि खाली, जिथे विजेत्याचं नाव असतं तिथे, लाल रंगात सुबक अक्षरांत माझं नाव घातलं.

तेव्हा भावोजींच्या कपाटाला विचारलंत, तर आमच्या घराण्यातला एकमेव कपवाला खेळाडू मीच. ऑफसाइड म्हणजे काय, ते तेवढं मला अजून कोणीतरी समजावून सांगा.