पहिल्या पंगतीला बस

शेवंता, तुझं लग्न ठरल्याचं कळल्यापासून मला औंढ्याचं एसटी स्टँड आठवतंय. माझं पहिलं लेकरू जाऊन महिनाच झाला होता. तुझे दाजी पुण्याच्या कारखान्यात लागले होते, मला न्यायला आले होते. आईनं माझा हात धरून वर केला, तर बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. "लई मनाला लावून घेऊ नको," ती म्हणाली, "लवकर दुसरं व्हईल." गाडी हलली तरी मी रडले नाही. मला राग आला होता, पण कोणाचा ते कळत नव्हतं.

तू तेव्हा परकरात होतीस. आपल्याकडं मेंढरांमागं दिवसभर चालणारी बाई म्हणजे ठणठणीत, तिला काय धाड भरलीय! जेवायची मात्र सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं. दिवस गेले की त्यातही हात आखडता. आई सांगायची, "पोटुशीनं दोन घास कमीच खावं. लेकरू बारीक ऱ्हातं, बाई सुखानं सुटती." माझं बारीकच झालं. त्याला धड रडायचंही बळ नव्हतं.

पुण्यात डॉक्टरीणबाईंनी माझी खालची पापणी ओढून पाहिली. म्हणाल्या, "वर्षभर थांबा. आधी तुमच्या अंगात रक्त भरू द्या. लेकराची तयारी दिवस जायच्या आधीच करायची असते."

वर्षभर! गावाकडं फोन लावला की सासूबाईंचा पहिला प्रश्न तोच, "काहून उशीर होऊन राहिला? दुसरी सून बघावी का?" माझा जीव टांगणीला लागायचा. एकदा दाजींनी माझ्या हातून फोन घेतला. "आई, आमीच थांबलोय. सध्या ती जेवून राहिली." पीसीओवाला खो खो हसला. पण ते खरंच होतं. पत्र्याच्या खोलीत आम्ही दोघंच. मी भाकरी थापत बसले, तर दाजी हात धुऊन माझी वाट बघायचे. तव्यावरची गरम भाकरी बाईनंही खायची असते, हे मला परमुलखात समजलं.

तुझी भाची झाली ती भरल्या अंगाची, आल्या आल्या दवाखाना डोक्यावर घेतला. आई आली होती. नात मांडीवर घेऊन तिनं तिचे हातपाय चाचपून पाहिले. मग म्हणाली, "येवढं मोठं लेकरू, अन् तू बी सुखरूप. मंग तुमच्या आधीचे माझे दोन काहून गेले गं?" त्या स्टँडपासून मनात धरलेला राग त्या क्षणी गळून गेला आणि मला तिचीच माया आली.

कोणी गाव विचारलं तर मी अजून औंढाच सांगते. पण घर म्हणजे, बाई जेवायची राहिली तर इतरांना घास उतरत नाही, ती जागा. आई तुला आता बळंच बाबांबरोबर पहिल्या पंगतीला बसवते म्हणे. बस तू, लाजू नको. ती स्वतः अजून मागूनच जेवते, असं दादा सांगत होता. "मी बसते नंतर" म्हणेल, तर ऐकू नको. हाताला धरून तिला शेजारी बसव.