उमाजीमास्तरांनी शिवलेला रणगाडा

प्लॅस्टिक सुईनं शिवता येतं असं कुणी सांगितलं तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल. बटणवाल्या मल्लाप्पानं उमाजीमास्तरांना तसंच वेड्यात काढलं होतं, तेही त्यांच्याच दुकानात. पण मास्तर म्हणजे असा माणूस की तुम्ही हसत बसा, तो सुईत दोरा ओवून मोकळा!

मास्तरांचं शिवणकामाचं दुकान बेंगळूरच्या नगरथपेठेत होतं. घराणं मराठी. आमचा मूळ पुरुष शहाजीराजांच्या फौजेबरोबर तंबू शिवायला म्हणून इकडे आला, असं ते छातीवर हात ठेवून सांगत. खरं-खोटं देव जाणे. तीनशे वर्षांत घरच्या मराठीत कानडी इतकं मुरलं होतं, की मास्तर देवाला हात जोडतानासुद्धा ‘स्वल्प लक्ष असू दे’ म्हणत, आणि ‘बरं’ऐवजी घरात ‘सरी’च चाले. कँटोनमेंटातले लष्करी साहेब कोट शिवायला एवढ्या लांब पेठेत येत, ते काही उगाच नाही. मास्तरांची एक रीत होती. ट्रायल झाल्याशिवाय पक्का टाका नाही. लाटसाहेब का असेना, आधी कच्च्या टाक्यांवरचा कोट अंगात घालायचा आणि कुठं काचतंय ते सांगायचं. त्या वेळी मास्तर गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नसत. पाठ फिरवून उभे राहत. ‘तोंडाकडे बघितलं की माणूस भिडेखातर छान म्हणतो, आणि घरी जाऊन शिव्या घालतो,’ असं त्यांचं म्हणणं. खरंच आहे की!

ही गोष्ट सहासष्ट सालची. मास्तरांची बायको पद्मावती, तिचा धाकटा भाऊ फत्तेसिंग त्या वर्षी बहिणीच्या घरी राहायला आला. आला कसला, आणून बसवला. फत्तेसिंग लष्करात रणगाड्याचा ड्रायव्हर होता. आदल्या वर्षीच्या लढाईत रणगाडा पेटला आणि त्याचे दोन्ही डोळे गेले. बत्तीस वर्षांचा उमदा गडी, दिवसभर पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून राही. बसायचं तेही दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. हातांना काय झालं होतं? काहीसुद्धा नाही! डॉक्टरांनी शंभरदा सांगितलं होतं. पण तांब्या हातात दिला तर धरायचा, समोर ठेवला तर तहानलेला राहायचा. भिंत चाचपायचा नाही, काठी घ्यायचा नाही, ताटातला घासदेखील बहिणीनं हात धरून दाखवावा तेव्हा.

शहरात आंधळ्यांना काम शिकवणारी एक संस्था होती. खुर्च्या विणायला, यंत्राचे बारीक भाग जुळवायला शिकवत आणि पुढं कारखान्यात चिकटवून देत. मास्तरांनी खेटे घालून तिथं फत्तेसिंगासाठी एक जागा धरून ठेवली. महिनाअखेर येऊन हातांची परीक्षा द्यायची, एवढंच. फत्तेसिंग म्हणाला, “नको, दाजी. या हातांचा भरवसा नाही.”

“का नाही?”

का नाही, ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. पद्मावतीबाई आत जाऊन रडल्या. मास्तर रडले नाहीत, पण त्यांना धडधडीत दिसत होतं की हा माणूस असाच बसून राहिला तर बसल्या बसल्या संपेल. महिनाअखेरीला एकवीस दिवस उरले होते.

अशात एक जुने गिऱ्हाईक, निवृत्त मेजरसाहेब, दुकानात आले. काखेत एक पुठ्ठ्याची पेटी. विलायतेहून भाच्यानं पाठवलेला रणगाड्याचा प्लॅस्टिकचा संच. सुटे भाग जुळवून वीतभर लांबीचा रणगाडा करायचा. झाकणावर चित्र असं झकास, की बघत राहावं. आत मात्र सगळा आनंदीआनंद! साहेबांनी दोन महिने झटापट केली होती आणि आता ते पेटी कचऱ्यात टाकायला निघाले होते. “भाग एकमेकांना लागतच नाहीत, मास्तर. चाकं दोन कमी. पट्टे आखूड. डिंकाची ट्यूब वाळून खडा. हे बनवणाऱ्याला उलटा टांगला पाहिजे!”

मास्तरांनी चित्र पाहिलं. “साहेब, शर्मन म्हणतात तो हाच काय?”

“हाच. का?”

“आमचा फत्ते हाच चालवायचा. टाकू नका. द्या इकडे.”

साहेबांना वाटलं, मास्तरांना शोभेला हवा असेल. मास्तरांना शोभा नको होती. ज्या हातांनी तो राक्षस चालवला, ते हात ह्या एका वस्तूकडे तरी वळतील, एवढी एकच आशा त्यांच्या मनात आली.

दुपारी दुकानात शुकशुकाट असे, तेव्हा मास्तर पेटी उघडून बसत. इंग्रजी येत नव्हतं, पण कागदावरच्या आकृत्या बघून म्हणाले, “यात काय एवढं? पुढा, पाठ, बाह्या, कॉलर!” आणि लागले कामाला. रणगाड्याच्या धडाचे दोन अर्धे भाग उन्हानं की बोटीतल्या उष्म्यानं असे वाकले होते, की मध्ये आगपेटीची काडी जाईल एवढी फट. मास्तरांनी ओलं फडकं घालून वरून इस्त्री फिरवली. पहिल्या खेपेला चटका जास्त बसला आणि कोपरा पापडासारखा वळला. मास्तरांनी स्वतःलाच अशी काही शिवी हासडली, की समोरचा बटणवाला मल्लाप्पा दुकान सोडून बघायला आला. दुसऱ्या खेपेला भाग सरळ झाले. पण चिकटवायचं कशानं? डिंक धरेना, सरस धरेना. मग मास्तरांनी सुई दिव्यावर तापवली, प्लॅस्टिकला ओळीनं भोकं पाडली आणि काजाच्या दोऱ्यानं रणगाडा चक्क शिवायला घेतला.

मल्लाप्पानं कपाळावर हात मारला. “उमाजीअण्णा, डोकं ठिकाणावर आहे काय? रणगाडा शिवतात होय? उद्या काज-बटणं कराल त्याला!”

“बटणांचंच बोलायला येणार होतो,” मास्तर म्हणाले. “कोटाची दोन दे.”

हरवलेल्या चाकांच्या जागी कोटाची बटणं लागली. एक तपकिरी, एक पांढरं. मल्लाप्पानं एकसारखी देऊ केली तर मास्तरांनी घेतली नाहीत. ती रंगानं जुळत होती, पण जाडीला कमी होती. मास्तर डोळे मिटून, प्रत्येक बटण अंगठ्याखाली फिरवून बघत होते. रंगाशी त्यांना कर्तव्यच नव्हतं. रबरी पट्टे आखूड होते, ते फेकून त्यांनी कॅनव्हासच्या पट्ट्या कापल्या आणि त्यांवर सुतासुताच्या अंतरावर दोऱ्याचे आडवे वळ उठवले, एका पट्टीवर शंभराच्या वर. मल्लाप्पा चेष्टा करायचा थांबला. दुसऱ्या दिवशी त्यानं न मागता जाड दोऱ्याचं रीळ आणून ठेवलं. कौतुक करायची तोंडाला सवय नसली की माणूस असं रीळ आणून देतो.

आता राहिली पुढची मशीनगन. ड्रायव्हरच्या शेजारी बसणाऱ्या गड्याची ती बारकी बंदूक मुळातच मोडून आली होती आणि तिच्या जागेचं भोक बुजलेलं होतं. मास्तरांनी चित्र बघून जागा हेरली, दाभणाचं टोक कापून बंदूक केली, खडूनं खूण केली, भोक पाडलं आणि बंदूक शिवून टाकली. इथंच मास्तर चुकले. शिंपी कापडावर खुणा करतो त्या नेहमी उलट्या बाजूनं. चाळीस वर्षांचा हात, तो सवयीनंच गेला. मास्तरांनी पुढचा भाग आतल्या बाजूनं धरून खूण केली, आणि सुलटा केल्यावर उजवीकडची बंदूक डावीकडे गेली. मास्तरांच्या हे गावीही नव्हतं.

महिनाअखेरीला दोन दिवस राहिले. रविवारी सकाळी जेवणाआधी मास्तर घरात रणगाडा घेऊन फत्तेसिंगापुढं उभे राहिले. सगळा कच्च्या टाक्यांवर.

“फत्ते, ट्रायल द्यायची आहे.”

“मला? कसली ट्रायल?”

“एक वस्तू केली आहे. माप तुझं आहे. दुसऱ्या कुणाला विचारू?”

“दाजी, मला नको काही.”

“नको तर नको. कुठं चुकलंय तेवढं सांग, मग फेकून दे.” असं म्हणून मास्तरांनी तो त्याच्या मांडीवर ठेवला, वळले, आणि कोपऱ्यातल्या मशीनवर जाऊन पाठमोरे बसले. पायाचं पॅडल हलवायला लागले. मशीनवर कापड नव्हतं, सुईत दोरा नव्हता. पद्मावतीबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी तोंडाला पदर लावला. माणसाला बघायचं असून बघता न येणं म्हणजे काय, ते मास्तरांना त्या दिवशी कळलं असेल.

बराच वेळ मशीनची रिकामी खडखड चालली होती. मग मागून आवाज आला, “दाजी, ही बंदूक इथं कुणी लावली?”

मास्तरांचा पाय थांबला. मागं बघितलं नाही. “मी. का? सैल आहे?”

“चूक आहे! अहो, डावीकडे मी बसायचो. माझ्यापुढं बंदूक कुठली? ती उजवीकडे. गुंडोची.”

“गुंडो कोण?”

हे नाव त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. मास्तर आता वळले. फत्तेसिंगाचे दोन्ही हात मांड्यांखालून बाहेर आले होते. बोटं पट्ट्यावरून गेली, वळ मोजल्यासारखी थबकत गेली, बटणांच्या चाकांवरून फिरली, तोफेच्या नळीवरून वर चढली.

“गुंडो माझ्या शेजारचा. मशीनगनवाला. बेळगावकडचा. फार बडबड्या.” त्यानं तोफेचं डोकं, नळी बसवलेला वरचा घुमट, फिरवून बघितलं. ते हलेना. चार टाक्यांनी जखडलेलं होतं. “हे फिरत का नाही?”

“मला वाटलं, पक्कं हवं,” मास्तर ओशाळून म्हणाले.

“फिरलं पाहिजे. फिरलंच पाहिजे, दाजी! हे फिरलं नाही तर...” त्यानं बोट नळीच्या टोकावर नेलं. “नळी बघा कुठं आलीय. गुंडोच्या डोक्यावर झाकण असतं, बाहेर पडायचं. नळी त्याच्यावर आली की झाकण उघडत नाही. त्या दिवशी तसंच झालं. गोळा लागला, घुमटातले तिघे जागीच गेले, फिरवायला कुणी उरलं नाही. मी माझ्या झाकणातनं बाहेर पडलो. गुंडो आतून धक्के मारत होता. मला हाक मारत होता. मी वर चढलो, दोन्ही हात नळीला लावले. जोर लावला, दाजी, खूप लावला. नाही हलली. मग आतला दारूगोळा उडाला.”

पद्मावतीबाई येऊन भावाच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. सात-आठ महिने हा पोरगा हातांवर बसून होता, तो यासाठी! समजूत घालायची तर कशी? ‘तुझी चूक नाही’ म्हणणारे डॉक्टर झाले, साहेब झाले. मास्तर शिंपी माणूस, त्यांनी मापच विचारलं.

“फत्ते, खऱ्या रणगाड्यावरचं हे तोफेसकट डोकं वजनाला किती असेल?”

“असेल चार-पाच टन.”

“आणि फिरवतात कशानं?”

“आतून. मोटरनं, नाहीतर चाक फिरवून.”

“बाहेरून हातानं?”

फत्तेसिंगाचा अंगठा नळीवर होता. “बाहेरून हातानं नाही हलत,” तो म्हणाला. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, “कुणाच्याच हातानं नाही हलत.”

मास्तरांनी डब्यातून एक टिचबटण काढलं, त्याच्या दोन्ही वाट्या फत्तेसिंगाच्या तळहातावर ठेवल्या. “हे दाबलं की बसतं आणि बसल्यावर गरगर फिरतं. डोक्याला खाली एक, धडाला वर एक. चालेल?”

त्यानं दोन्ही वाट्या बोटांनी चाचपल्या, एकमेकीत दाबल्या, फिरवून बघितल्या. “चालेल.”

मास्तरांनी ब्लेड घेऊन टाके उसवायला हात पुढं केला.

“दाजी, तुम्ही नका,” फत्तेसिंग म्हणाला. “ब्लेड माझ्याकडे द्या. आणि अक्का, सुईत दोरा तेवढा ओवून दे.”

दुपार टळेपर्यंत तो बसला होता. बोट दोनदा कापलं, पाचसहा वेळा टोचलं. बंदूक उजवीकडे गेली, टिचबटण बसलं. जेवणं तशीच राहिली आणि कुणी आठवणही केली नाही. शेवटी त्यानं एका बोटानं तोफेचं डोकं फिरवलं, नळी बाजूला नेली आणि गुंडोच्या झाकणावरची रिकामी जागा तळव्यानं नीट चाचपून बघितली.

“परवा परीक्षेला कितीला जायचंय, दाजी?” त्यानं विचारलं.

“दहाला.”

“सरी. मग नऊलाच निघू.”