माइकवरची डॉक्टर

मानसशास्त्रात एम.ए. झाले त्या रविवारी बाबांनी मला परस्पर डॉक्टर करून टाकलं. अंबरपेठच्या बुद्धविहारात वंदना संपली, त्यांनी माइक घेतला आणि म्हणाले, "माझी लेक मनाची डॉक्टर झाली." काचीगुडा रेल्वे स्टेशनात गाड्यांच्या घोषणा ऐकत नोकरीची उभी हयात गेल्यामुळे माइकवर सांगितलेलं खरंच असतं, असा त्यांचा समज असावा. टाळ्या पडल्या, मला शाल मिळाली, आणि मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला.

मग घरी रांग लागली. गल्लीतले चाचा तर रोज हटकायचे. "डाक्टरनी, नींद की गोली लिख दो ना, क्या जाता तुम्हारा?" गोळ्या मला लिहिता येत नाहीत आणि उपचार करायचे तर अजून वेगळं क्लिनिकलचं शिक्षण लागतं, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. त्या कोर्सच्या जागा मोजक्या, त्यातली एकही मला मिळाली नाही. हे सगळ्या गल्लीला सांगितलं, बाबांना मात्र सांगवेना. त्यांची विहारात मान खाली गेली असती.

एका कंपनीच्या एचआरमध्ये नोकरी मिळत होती. नको म्हटलं. विद्यानगरच्या शाळेत समुपदेशक म्हणून बोलावलं, तेव्हा मात्र उडीच मारली. मला हेच काम हवं होतं. आता बाबांना सांगणं भागच होतं, मी डॉक्टर नाही हेही. सांगून टाकलं.

"तिथं काय करतीस मग?" त्यांनी विचारलं.

"मुलांचं ऐकून घेते."

"नुसतं ऐकायचं?"

"हो."

त्यांनी रिमोट उचलून टीव्ही लावला. पुढचे काही दिवस घरात नुसता टीव्ही बोलत होता. मला रागच आला. खोटं मी बोलले होते का?

रविवारी वंदनेनंतर बाबा उठून माइककडे निघाले. आता मला काय करून ठेवतात कोण जाणे!

"मागं माझ्याकडून चुकीची घोषणा झाली व्हती," ते म्हणाले. "लेक डॉक्टर न्हाई. शाळेत हाय. लेकरं तिला मनातलं सांगतात, ती ऐकून घेती." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आमच्या टायमाला असं ऐकणारं कुनी असतं, तर म्या शाळा सोडली नसती."

टाळ्या या वेळी उशिरा पडल्या. मला एवढं हलकं वाटलं की शेजारच्या मावशींचा हात मी किती वेळ धरून बसले होते, ते त्यांनी सोडवून घेतला तेव्हा कळलं.

बाबांनी शाळा का सोडली, हे मला माहीत नव्हतं. मानसशास्त्र शिकले, पण घरात कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी घरी आल्यावर विचारलं. चहा निवून गेला, तरी बाबा सांगत होते.