माझ्या गुलाबी चादरी

रॉझलिन ट्रिफिटला विद्यापीठानं नोकरीवरून काढलं, असं आमच्या खोऱ्यात लोक म्हणतात. ते चूक आहे. काढायला अंगात धमक लागते. त्यांनी तिचा करार गुपचूप संपू दिला, निरोपाचा केक कापला आणि हसत हसत दारापर्यंत पोचवायला आले. तो केकसुद्धा तिनंच आणला होता.

मी इल्मा. लाइमवुडच्या वळणावरचं दुकान माझं. पाव, दूध, मटणाचे पॅटिस, पेट्रोल, टपाल, जे हवं ते मिळतं, आणि मागितला नाही तरी सल्लाही मिळतो. रॉझ माझ्या डोळ्यांसमोर वाढली, म्हणून तिची गोष्ट मी सांगतेय, आणि रागानं सांगतेय. शांत डोक्यानं बोलणारी माणसं विद्यापीठात पुष्कळ आहेत.

आमचं खोरं टास्मानिया बेटाच्या उत्तर भागात, चुनखडीवर बसलेलं. वर डोंगरात पाऊस पडतो, ओढे खाली येतात आणि मध्येच जमिनीत गडप होतात. जागोजागी जमीन खचून खड्डे झालेत. आमच्या बापजाद्यांना या खड्ड्यांचा एकच उपयोग कळला: टाकून द्यायला. मेलेलं वासरू, गंजकी तार, जुना फ्रिज, सासऱ्याची मोडकी गाडी, सगळं खड्ड्यात. खड्डा कधी भरत नाही, म्हणून तो देवानंच दिलेला असं समजायचं. आणि त्याच चुनखडीतून फुटणाऱ्या झऱ्याच्या पाण्याचा चहा करून म्हणायचं, "असलं गोड पाणी शहरवाल्यांच्या नशिबात नाही!" गोडी कशाची आहे, ते कोणी विचारत नव्हतं.

सगळ्यांत मोठा खड्डा मर्व्ह ट्रिफिटच्या कुरणात. मर्व्ह म्हणजे रॉझचा बाप. माझ्या नळाला पाणी देणारा झरा टेकडीच्या या बाजूला, त्याचा खड्डा त्या बाजूला. मध्ये अख्खी टेकडी. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध असेल, असं कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

रॉझ लहान असताना एके दिवशी माझ्या लग्नातल्या पांढऱ्याशुभ्र चादरी मशीनमधून गुलाबी होऊन निघाल्या. पाण्याला काहीतरी झालंय, असं मी मर्व्हला दुकानातच म्हटलं. तर हा सगळ्यांसमोर म्हणतो, "इल्मा, मशीनमध्ये नवऱ्याचा लाल मोजा राहिला असेल. बघ जरा नीट." झालं! तेव्हापासून खोऱ्यात मी 'लाल मोज्यावाली'. माझा नवरा वारला तेव्हा अंत्यविधीच्या जेवणातसुद्धा कोणीतरी ते काढलंच.

हसली नाही ती एकटी रॉझ. दोरीवर वाळणाऱ्या चादरींपुढे ती बराच वेळ उभी होती.

"इल्मा आंटी, तुमचं पाणी कुठून येतं?"

"नळातून येतं, बाळा. आणखी कुठून?"

आदल्या दिवशी मेंढ्यांवर खुणा करायच्या लाल रंगाचं बिघडलेलं पिंप बापानं खड्ड्यात ओतताना तिनं पाहिलं होतं. हे तिनं मला सांगितलं ते पुढं कितीतरी वर्षांनी, कॉलेजात गेल्यावर. बाप मात्र कधीच कबूल झाला नाही. विषय निघाला की म्हणायचा, "मोजाच होता."

त्या चादरींनी पोरीच्या डोक्यात जो किडा सोडला तो कायमचा. ती दगडमाती शिकली, गुहांतून सरपटली, त्यातच डॉक्टरेट मिळवली. पुढं मुख्य भूमीवरच्या एका विद्यापीठानं आमच्या जवळच्या गावात संशोधन केंद्र काढलं, तिथं लागली. तिच्या कामाला भूवैविध्य म्हणतात. मी विचारलं, म्हणजे काय गं? तर म्हणाली, "पक्षी मोजायला शंभर जण आहेत, आंटी. झाडं मोजायलाही आहेत. ते ज्याच्यावर उभे आहेत, त्या जमिनीच्या तऱ्हा मोजणारी मी." एकदा तिनं माझ्या झऱ्यातून चिमटीत बसेल एवढी पांढरीफटक कोळंबी ओंजळीत धरून दाखवली. तिला डोळेच नव्हते. "ही आयुष्यभर अंधारात राहते," रॉझ म्हणाली. "चुनखडीतल्या भेगा आहेत, म्हणून पाणी आहे. पाणी आहे, म्हणून ही आहे. आणि तुम्ही आहात." कोळंबीच्या रांगेत मला बसवलं होतं, पण मला ते आवडलं.

जमिनीखालचं पाणी कुठून कुठं जातं, ते शोधायची या लोकांची रीत साधी आहे. वर खड्ड्यात निरुपद्रवी हिरवा रंग टाकायचा आणि खालच्या झऱ्यांत कोळशाच्या पिशव्या बांधून ठेवायच्या. रंग डोळ्यांना दिसला नाही तरी कोळसा तो पकडतो. आणि एक नियम पाळायचाच: रंग टाकायच्या आधी खालच्या प्रत्येक घराला स्वतः कळवायचं. निरोप पाठवून चालत नाही. रॉझ तो नियम धर्मासारखा पाळते.

मग टेकडीवर दूध-पावडरीचा कारखाना आला. त्यांना मर्व्हचं कुरण हवं होतं, म्हणजे खरं तर खड्डा हवा होता. कारखान्याचं धुवण खड्ड्यात सोडलं की काम झालं. आधी तपासणी हवी, म्हणून काम आलं रॉझच्या केंद्राकडं; आणि केंद्राची नवी इमारत बांधून दिली होती कोणी, तर त्याच कारखान्यानं. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी!

रॉझनं डोळ्यांना दिसणार नाही एवढाच रंग टाकला, पिशव्या बांधल्या, काढल्या. पुढच्या वेळी ती दुकानात आली तेव्हा मी विचारलं, "काय निघालं गं?"

"आंटी, मला बोलता येत नाही. कारखान्याची तपासणी आहे. तसं लिहून दिलंय मी."

"बोलता येत नाही म्हणजे? पाणी मी पिते की कारखाना पितो?"

तिचे डोळे भरून आले. मला तेवढ्यात कळायचं ते कळलं. थोड्याच दिवसांत केंद्रानं जाहीर केलं की खड्डा आणि झरे यांचा 'थेट संबंध सिद्ध झालेला नाही'. हे वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. खोटं बोलायचं तर सरळ बोला की! हे असलं धुतलेलं, इस्त्री केलेलं खोटं बोलायला माणसाला इतकं शिकावं लागतं?

गावाच्या हॉलमध्ये सभा झाली. केंद्राचे मुख्य, प्राध्यापक ड्रमंड, पडद्यावर चित्रं दाखवत होते. परिसंस्था, समतोल, भागीदारी. शिवाय भरपाई म्हणून कारखाना दुसरीकडं झाडं लावणार होता, आणि कोळंबी टाकीत नेऊन सांभाळणार होता.

"आणि मला कोणत्या टाकीत ठेवणार?" मी मागून ओरडले.

लोक हसले. मी पुढं गेले आणि पिशवीतून गुलाबी चादर काढून त्यांच्या टेबलावर पसरली. मी ती टाकून दिली नव्हती. का देऊ? मी त्यांना सगळं सांगितलं. ते गोड हसले. "मॅडम, तुमच्या भावना मी समजतो. पण हा किस्सा झाला. हा पुरावा नव्हे."

"लाल मोजा!" कोणीतरी मागून म्हणालं, आणि हॉलमध्ये हशा पिकला. पहिल्या रांगेत मर्व्ह हातातल्या टोपीकडं बघत बसला होता. दुसऱ्या दिवशी तो जमिनीच्या कागदांवर सही करणार होता.

तेव्हा रॉझ उठली.

"जुन्या तपासणीबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. मी नव्याबद्दल बोलतेय. डॅड, जमीन अजून तुझी आहे. उद्या सकाळी मला तुझ्या खड्ड्यात रंग टाकू देशील? या वेळी डोळ्यांना दिसेल एवढा."

"रॉझलिन," ड्रमंड म्हणाले, "केंद्राच्या परवानगीशिवाय हे..."

"मला परवानगी लागते ती पाणी खात्याची आणि जमिनीच्या मालकाची. खात्याची घेतली आहे. मालकाला विचारतेय."

हॉलमध्ये सगळे मर्व्हकडं बघायला लागले. त्या माणसानं जन्मात कोणाची माफी मागितली नव्हती. लेकीच्या पदवीच्या समारंभालाही गेला नव्हता. गाईला वासरू होणार होतं म्हणे. 'गाळात सरपटायला कॉलेज कशाला' असं दुकानात बसून बोलायचा. आता तो उठला, आणि लेकीकडं नाही, माझ्याकडं वळला.

"इल्मा, मोजा-बिजा काही नव्हता. रंग माझा होता. दोरीवर तुझ्या चादरी बघितल्या, तेव्हाच मला कळलं."

कोणी हसलं नाही.

"कळलं, आणि तरी वासरं टाकत राहिलास?" मी विचारलं.

"राहिलो. कबूल केलं असतं, तर थांबवावं लागलं असतं ना."

मी सांगते, त्या क्षणी हॉलमध्ये बसलेला प्रत्येक जण मनातल्या मनात आपली किटली आठवत होता. माझ्या शेजारच्या डोरीननं तर हातातला चहाचा कप खुर्चीखाली ठेवून दिला. मला मर्व्हच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती. इतकी वर्षं एका बाईचं गावात हसं केलं, केवळ एक खड्डा सोडवेना म्हणून! पण मारली नाही, कारण तो लेकीला म्हणत होता, "टाक, रॉझी. सगळ्यांना दिसेल असा टाक."

मग रॉझनं तिचा नियम पाळला, तिथंच, सगळ्या हॉलसमोर. एकेका घराचं नाव घेऊन सांगायला लागली. "डोरीन, उद्यापासून पाणी हिरवं दिसेल. अपाय नाही, पण बाळाच्या दुधाला बाटलीतलं वापर. केन, गाईंना चालेल, घाबरू नकोस." ड्रमंडसाहेब मध्ये मध्ये "हे अधिकृत नाही, हे अधिकृत नाही" म्हणत होते, पण त्यांच्याकडं बघायला कोणाला वेळ नव्हता. शेवटी ती माझ्याकडं वळली.

"इल्मा आंटी, चादरी धुवू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी रॉझनं खड्ड्यात रंग ओतला, आणि त्यानंतर कोणीही माझ्या झऱ्यापासून हललं नाही. पाणी हिरवं होत गेलं. आधी वाटलं शेवाळ असेल, मग काही शंकाच राहिली नाही. पुदिन्याच्या गोळीसारखा लख्ख हिरवा रंग दगडांतून उसळत होता. मर्व्ह काठावर बसून ते बघत होता. त्यानं सही केली नाही. कारखान्यानं आपलं धुवण दुसरीकडं न्यायचं ठरवलं, आणि आम्हाला पर्यावरणाची काळजी आहे, असं वर जाहीरही केलं.

मर्व्हनं मला नव्या पांढऱ्या चादरी आणून दिल्या. मी घेतल्या नाहीत. खड्ड्यातलं सगळं उपसून काढ, मग बघू, असं सांगितलं. उपसतोय. सासऱ्याची गाडी निघाली, फ्रिज निघाला. हाडांचं काय, ते मला ऐकायचं नाही.

रॉझचा करार वसंतात संपला. निधीची अडचण, म्हणाले. आता ती शाळेची बस चालवते आणि उरलेल्या वेळात गुहांतून सरपटते, कोणाच्या परवानगीशिवाय आणि कोणाच्या पगाराशिवाय.

परवा टपालातून मला एक मोठं रंगीत पोस्टर आलं, दुकानात लावायला. केंद्राचं. त्यावर माझा झरा, हिरवागार! खाली लिहिलंय: 'आमचं संशोधन, तुमचं पाणी.' ड्रमंडसाहेबांचं नाव आहे. कारखान्याची खूण आहे. रॉझचं नाव कुठंही नाही, मी भिंग लावून शोधलं. मी ते फाडायलाच घेतलं होतं, तेवढ्यात ती बस उभी करून पाव घ्यायला आली.

"फाडू नका, आंटी," ती म्हणाली. "कागद चांगला आहे. मागची बाजू कोरी आहे."

तिनं ते गल्ल्यावर पालथं घातलं, माझं पेन मागितलं आणि उभ्या उभ्या आमच्या खोऱ्याचा नकाशा काढला. वरचा नव्हे, खालचा. कुठला खड्डा कुठल्या घराच्या नळाला जातो ते सगळं. खाली मी ठळक अक्षरांत तिचं नाव लिहिलं. आता ते दारासमोरच लावलंय, आणि जो पेट्रोल भरायला येतो तो आधी आपलं घर शोधतो.