मध, तान्ही बाळं आणि प्रधानसर

आमच्या दवाखान्यात मधाचे एवढे किस्से कधी साठले, कुणालाच कळलं नाही. तापाचे, खोकल्याचे विसरले. मधाचे मात्र वनिता सिस्टर आणि मी आजही भेटलो की चहा गार होईपर्यंत निघत राहतात!

नव्वदचं दशक. प्रधानसर म्हणजे पेणचे लहान मुलांचे डॉक्टर. मंगळवारी आणि शुक्रवारी रोह्याला बसायचे. मी त्यांची नवी असिस्टंट. तान्हं बाळ दिसलं की सरांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "वर्षाचं होईपर्यंत मधाचं बोटसुद्धा लावायचं नाही!"

*

रोह्याची एक आजी यावर भडकलीच. "माझ्या समद्या पोरांना मध चाटवलाय. काय झालं त्यांना?"

सर शांतपणे म्हणाले, "आजी, मधात कधीकधी एका जंतूचं बी असतं. झोपलेलं. आपल्या पोटातून ते झोपलेलंच बाहेर पडतं. तान्ह्याच्या पोटात मात्र जागं होतं आणि विष सोडतं. मग बाळाचं अंग ढिलं पडतं."

आजीने मांडीवरच्या नातवाकडे पाहिलं. "ह्यो मेला आमाला झोपू देत नाय, त्या बीला कुठला झोपू देतोय!"

त्या घरातला मध बंद झाला.

*

कुवेतहून सुट्टीवर आलेल्या अन्वरभाईंनी मधाची मोठी बाटली टेबलावर ठेवली. "डॉक्टर, तिकडचा माल हाय. सील पॅक!"

"अन्वरभाई, बी सीलच्या आधीच आत बसलेलं असतं."

"मंग उकळून देतो."

"उकळलं तर विष मरतं. बी मरत नाही, फार चिवट."

अन्वरभाईंनी थोडा विचार केला आणि बाटली सरांकडे सरकवली. "तुमी तर वर्षाच्या वरचे हाव ना? मंग तुमीच खावा!"

त्या थंडीत आम्ही रोज डब्यातल्या पोळीला मध लावून खाल्ला. एकदा तर सर ओठ पुसत बाहेर आले आणि समोरच्या बाळंतिणीला म्हणाले, "मध अजिबात नाही हं!"

*

डोलवीच्या स्टील प्लांटमधल्या एका बापाला सगळं खोलात जाऊन हवं असायचं. सरांनाही समजावायला आवडायचं.

"ह्या जंतूच्या विषाचे प्रकार असतात. बाळांना बहुतेक ए, नाहीतर बी."

"म्हंजे आमच्या शिफ्टसारखं! आनि सी?"

"सी बहुतेक पक्ष्यांना लागतं."

बापाने मान डोलावली. मग म्हणाला, "बरोबर हाय. रातच्या सी शिफ्टवाल्याला मानूस कोन समजतो!"

*

निडी गावची दर्शना चार महिन्यांची असताना आली. आई म्हणाली, "शी होत नाय. दूध ओढत नाय. आनि डॉक्टर, हिचं रडनं बारीक झालंय."

सरांनी उचललं तर मान लुळी पडली. पापण्या अर्ध्यावर उतरलेल्या.

"मध दिलात?"

आईने सासूकडे पाहिलं. सासू म्हणाली, "रोज. बोटभर. खोकला व्हता म्हनून."

सर त्या आजीला एक शब्द बोलले नाहीत. आपल्याच गाडीत घालून पोरीला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले. श्वासाला मशीन, दुधाला नाकातून नळी. विषाची तपासणी तेव्हा तिथे होत नव्हती. सरांचा संशय शेवटपर्यंत संशयच राहिला. त्या विषावर हाताशी औषधही नव्हतं. "नसांची टोकं नवी फुटेपर्यंत तिला जगवायचं, एवढंच आपल्या हातात," सर म्हणायचे.

दर रविवारी ते तिला बघून यायचे. सोमवारी पेणच्या दवाखान्यात आम्ही काही न विचारता त्यांचा चेहरा बघायचो. एका सोमवारी म्हणाले, "काल तिनं माझं बोट धरलं." आणि पेशंटला आत बोलवायचं विसरून तसेच बसून राहिले.

पुढे दर्शना घरी आली. गोवराच्या लशीला तिला रोह्याच्या दवाखान्यात आणलं. आई आत आली. आजी बाहेर बाकावरच बसली. आत यायचा तिला धीरच होईना.

वनिता सिस्टरने सुई टोचली आणि पोरीने असा टाहो फोडला की समोरचा दुकानदार डोकावून गेला!

बाहेर बसलेल्या बायकांपैकी एक म्हणाली, "काय गो बाय, केवढी रडते ही पोर! गप तरी करा कुनी तिला."

आजी ताडकन उठली.

"खबरदार, कुनी गप केलीत तर! रडू दे तिला! ऐका समद्यांनी!"